घरचा संगणक : आधी दुसरी प्रत, मग वेग

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, पालकहो आणि विश्वस्त बंधु-भगिनींनो,



वार्षिक परीक्षा संपल्या की शाळेत भेटायला येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न हमखास असतो : "सर, घरचा कॉम्प्युटर फार स्लो झाला आहे. नवीन घ्यावा का?" बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर "नको, आधी जुन्याकडे नीट बघा" असेच असते. पाच-सात वर्षांच्या संगणकात एक-दोन भाग बदलले तर तो आणखी काही वर्षे घरच्या कामाला पुरतो. मात्र कोणता भाग आधी बदलावा, दुकानात काय विचारावे, खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत, हे माहीत नसले की पैसे नको तिथे खर्च होतात. म्हणून या अंकातील पाठ याच विषयावर आहे.

पाठाचे सार सुरुवातीलाच सांगतो. घरच्या संगणकासाठी जे पैसे काढून ठेवले असतील त्यांतला पहिला खर्च दुसऱ्या प्रतीवर करावा, दुसरा वेगावर आणि उरलेला जोडउपकरणांवर. हाच क्रम का, ते आता पाहू.

१. ओटा आणि कोठीघर

संगणकात माहिती ठेवायच्या दोन जागा असतात आणि पुष्कळांचा त्यांत गोंधळ होतो. स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. कोठीघरात वर्षाचे धान्य असते. ओट्यावर आज शिजवायचे तेवढेच असते. संगणकाची डिस्क म्हणजे कोठीघर आणि रॅम म्हणजे ओटा. वीज गेली की ओटा रिकामा होतो, कोठीघर भरलेलेच राहते. ओटा लहान असेल तर चार पदार्थ एकदम करता येत नाहीत, सारखे सामान आत नेऊन ठेवावे लागते. आणि कोठीघरातून सामान काढायलाच वेळ लागत असेल तर ओटा कितीही मोठा केला तरी स्वयंपाकाला उशीर होणारच.

आपल्या संगणकाचा आजार कोणता, हे ओळखणे सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे चालू ठेवा आणि आकडे पाहा. डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल तर दोष बहुधा डिस्कचा. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडते आहे. दोन्ही आकडे कमी आणि सीपीयूचा आकडा मात्र सतत चढलेला, तर आधी कोणता प्रोग्राम तो वापरतो आहे ते पाहावे. कधी नको असलेला प्रोग्राम काढून टाकला तरी काम भागते आणि एक पैसाही लागत नाही.

२. पहिला खर्च : दुसरी प्रत

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या संगणकावर काय काय असते, ते आठवून पाहा. मुंजीचे आणि लग्नाचे फोटो असतात. आजोबांच्या आवाजातले रेकॉर्डिंग असते. काही घरांत होळकरांच्या काळातले मोडी कागद स्कॅन करून ठेवलेले असतात. मुलांच्या गुणपत्रिका, घराचे कागद, दहावी-बारावीचे प्रोजेक्ट, आईने जमवलेल्या पाककृती, हे सगळे एकाच डिस्कवर असते. संगणक बाजारात पुन्हा मिळतो. या गोष्टी मिळत नाहीत.

डिस्क कोणत्याही कंपनीची असो, एक दिवस ती बंद पडतेच. फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क कधी कधी आधी सूचना देते. टकटक आवाज येतो, फाइल उघडायला वेळ लागतो. चिपवर चालणारी एसएसडी पुष्कळदा सूचना न देता एकदम बंद पडते. शिवाय एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळवणे फार अवघड असते, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते. म्हणजे वेगासाठी आपण एसएसडी बसवली की दुसऱ्या प्रतीची गरज आणखी वाढते. दुकानात वेगाची गोष्ट सगळे सांगतात, ही बाजू फारसे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या प्रतीचा एक सोपा नियम जगभर सांगितला जातो : ३-२-१. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारामुळे हा नियम लोकांना माहीत झाला. आपल्या घरात तो असा पाळता येईल : एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या साठवणुकीत किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या काकांकडे, मावशीकडे ठेवलेल्या डिस्कवर.

इथे चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून फोटो दोन्हीकडे ठेवले तर ती दुसरी प्रत होत नाही. डिस्क गेली की दोन्ही भाग जातात.

दुसरी, प्रत करून झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरही पोहोचतो, कपाटातल्या डिस्कवर पोहोचू शकत नाही. त्याच कपाटाला कुलूपही असू द्या, कारण आधार, पॅन आणि बँकेचे कागद त्या डिस्कवर असतात.

तिसरी, फोनवरचे फोटो आपोआप इंटरनेटवर जातात म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि १ जून २०२१ पासून त्यात ईमेल, फाइली आणि फोटो सगळे एकत्र मोजले जाते. जागा भरली की नवे फोटो जाणे थांबते आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही. आणखी एक गोष्ट : जिथे फोन आणि इंटरनेटवरचा साठा एकमेकांशी जुळवलेले असतात, तिथे इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते.

चौथी, प्रत केली म्हणजे काम झाले असे समजू नये. त्या डिस्कवरच्या पाच-सहा फाइली उघडून पाहाव्यात. उघडल्या तरच ती प्रत खरी.

कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी महागडी एसएसडी लागत नाही. साधी बाहेरची हार्ड डिस्क पुरते आणि त्याच पैशात जागाही जास्त मिळते. उलट एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्या चिपमधला विद्युतभार हळूहळू कमी होतो. म्हणून जुन्या आठवणी जपायला ती योग्य नाही. पेन ड्राइव्ह तर फाइल एका जागेवरून दुसरीकडे नेण्यापुरताच समजावा.

दुसरी प्रत करण्याचा दिवस ठरलेला असावा. ३१ मार्च हा 'वर्ल्ड बॅकअप डे' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते, त्यामुळे तो विसरणार नाही. आणखी एक दिवस मी सुचवतो. दसऱ्याला आपण पाटीपूजन करतो, हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतो. पुष्कळ घरांत हल्ली संगणकालाही हळद-कुंकू लागते. त्या दिवशी डिस्क जोडून प्रत करून घ्यावी. हे दोन मोठे दिवस झाले. रोजची कामे ज्या संगणकावर होतात त्याची प्रत महिन्यातून एकदा तरी व्हावी.

३. दुसरा खर्च : एसएसडी

आता वेगाकडे वळू. जुनी हार्ड डिस्क सावकाश का चालते, हे गणिताने समजते. तिच्यात चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि एक हात पुढे-मागे सरकून माहिती वाचतो. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. हात सरकायला साधारण ९ मिलिसेकंद धरा. म्हणजे प्रत्येक नव्या जागी पोहोचायला सुमारे १३ मिलिसेकंद गेले. समजा संगणक सुरू होताना ८,००० वेगवेगळ्या जागी माहिती वाचायची आहे. ८,००० गुणिले १३ मिलिसेकंद म्हणजे १०४ सेकंद, पावणेदोन मिनिटे फक्त शोधण्यात गेली. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिला एका जागी पोहोचायला ०.१ मिलिसेकंद लागते असे धरले तर हेच काम ०.८ सेकंदात होते. म्हणून जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर तो नवा घेतल्यासारखा वाटतो.

फिरत्या तबकड्यांची पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर तिच्यात फक्त ५० लाख अक्षरे मावत. एसएसडीत ज्या फ्लॅश चिप असतात त्यांचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात लावला.

एसएसडी घेताना पहिला प्रश्न "आपल्या संगणकात कोणती बसते?" हा असावा. मुख्य प्रकार तीन.

(अ) २.५ इंची सॅटा एसएसडी. पत्त्यांच्या जोडापेक्षा पातळ, चपटी डबी. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणि जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी बसते. वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत.

(आ) एम.२ सॅटा एसएसडी. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते. वेग वरच्याइतकाच.

(इ) एम.२ एनव्हीएमई एसएसडी. दिसायला (आ)सारखीच, पण वेग सेकंदाला ३,५०० एमबी, नव्या प्रकारांत ७,००० एमबी आणि त्याहूनही जास्त.

(आ) आणि (इ) सारख्या दिसतात आणि फसगत इथेच होते. एका जातीच्या खाचेत दुसरी जात चालेलच असे नाही. २०१५ च्या आधीच्या बऱ्याच संगणकांत एनव्हीएमईवरून विंडोज सुरूच होत नाही. म्हणून दुकानात जाताना संगणकाचे किंवा मदरबोर्डचे मॉडेल कागदावर लिहून न्यावे. पट्टीवर '२२८०' असा आकडा असतो, त्याचा अर्थ रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर. काही लॅपटॉपमध्ये याहून आखूड पट्टीच बसते.

वेगाच्या आकड्यांना फार भुलू नये. अभ्यास, ऑफिसचे काम, बँक आणि व्हिडिओ बघणे यांसाठी हार्ड डिस्कवरून सॅटा एसएसडीवर आल्याने जो फरक पडतो तो मोठा असतो. सॅटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक घरच्या कामात फारसा जाणवत नाही. जुन्या संगणकासाठी सॅटा पुरेशी आहे.

जागा किती घ्यावी? विंडोज आणि रोजचे प्रोग्राम यांना २५० जीबी पुरते, पण भरत आलेली एसएसडी मंदावते, म्हणून १५-२० टक्के जागा नेहमी मोकळी राहील असा हिशेब करावा. परवडत असेल तर ५०० जीबी घ्यावी. फोटो आणि व्हिडिओ जुन्या हार्ड डिस्कवर राहू द्यावेत. डेस्कटॉपमध्ये दोन्ही एकत्र बसतात.

बदल करण्यापूर्वी दुसरी प्रत तयार हवी, हे वेगळे सांगायला नको. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकर नावाच्या कुलपाने बंद असू शकते. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधीच वहीत लिहून ठेवावी, नाहीतर घर आपले आणि किल्ली हरवलेली, अशी गत होते.

४. खोक्यावरचे आकडे

१ टीबीची डिस्क घेतली आणि संगणक ९३१ जीबी दाखवतो. दुकानदाराने फसवले का? नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्ये इतके बाइट धरते. विंडोज १ जीबी म्हणजे १,०२४ गुणिले १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतो. भागाकार करून पाहा, उत्तर ९३१ येते.

एसएसडीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू हा आकडा असतो. वॉरंटीच्या हिशेबात त्या डिस्कवर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल, ते तो सांगतो. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर हा आकडा ३०० असतो. घरात रोज २० जीबी लिहिले असे धरले तर ३,००,००० भागिले २० म्हणजे १५,००० दिवस, सुमारे ४१ वर्षे. म्हणजे "एसएसडी झिजते" ही भीती घरच्या वापरात बाळगू नये. ती इतर कारणांनी आधी बंद पडू शकते, म्हणूनच दुसरी प्रत.

खरी भीती नकली मालाची आहे. काहीशे रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह, अशा जाहिराती दिसतात. त्यात चिप लहानच असते आणि आतला प्रोग्राम संगणकाला खोटा आकडा सांगतो. जागा भरेपर्यंत सगळे ठीक वाटते, नंतरच्या फाइली जातात. तपासायला एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो संपूर्ण जागा भरून परत वाचून पाहतो. नवा ड्राइव्ह घेतला की त्यावर काहीही ठेवण्यापूर्वी ही चाचणी घ्यावी. सिल्व्हर मॉल असो वा जेल रोड, पक्के बिल घ्यावे आणि बिलावर सीरियल नंबर लिहून मागावा. बाजारात म्हणतातच, महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार.

भावाबद्दल एक सूचना. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मेमरी चिपची मागणी वाढली आणि रॅम व एसएसडीचे भाव चढले. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी काय भावात घेतली त्यावर जाऊ नये. तीन दुकानांत विचारावे आणि गरजेपेक्षा मोठा आकडा घेऊ नये.

५. रॅम आणि विंडोज

रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. ८ असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसत नसेल तर वाढवण्याची घाई नको. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तीन पिढ्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, आणि लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपपेक्षा आखूड असते. जुनी पट्टी काढून सोबत नेली तर चूक होत नाही. विंडोज ३२ बिटचा असेल तर तो ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही, हे आधी पाहून घ्यावे.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची. आपला संगणक यात बसत नसेल तर एसएसडी घेण्यापूर्वीच विचार करावा. ज्या घरात मुख्य काम अभ्यास, लेखन आणि इंटरनेट एवढेच आहे तिथे लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही फुकट प्रणाली चालते आणि तिच्यात मराठीही नीट लिहिता येते. एखादा खास प्रोग्राम विंडोजवरच चालत असेल तर मात्र जुन्या यंत्रावर फार खर्च करू नये.

६. जोडउपकरणे

यूएसबी. संगणकाला जे काही बाहेरून जोडतो ते बहुतेक या खाचेतून. याचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्ये आला. इंटेल कंपनीत त्यावर काम करणाऱ्या गटाचे प्रमुख अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात ३५ च्या आसपास मिळतात. १०० जीबी फोटोंची प्रत करायला सुमारे ४८ मिनिटे लागतील. तीच डिस्क यूएसबी ३ च्या खाचेत लावली, जी पुष्कळदा आतून निळी असते, तर सुमारे १५ मिनिटांत काम होते. घरात डिस्क चुकीच्या खाचेत लावल्यामुळे कंटाळा येतो आणि मग प्रत करणेच बंद पडते.

यूपीएस. माळव्यातला उन्हाळा, मान्सूनपूर्व वादळे आणि अचानक जाणारी वीज यांत डेस्कटॉपला यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढ्यात काम सेव्ह करून संगणक बंद करावा, काम चालू ठेवण्यासाठी तो नसतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये, तापताना तो खूप वीज ओढतो.

कीबोर्ड. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड घ्यायची गरज नाही. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींची मांडणी १९९१ च्या राष्ट्रीय मानकात आहे आणि हिंदीसाठी छापलेला कीबोर्ड मराठीलाही चालतो. 'ल' च्या बटणावर शिफ्ट दाबले की 'ळ' मिळतो. 'र' च्या बटणावर शिफ्ट दाबले की 'ऱ', मग हलंत आणि 'य', की 'दऱ्या' बरोबर उमटतात. आपल्या भागातली मुले मराठीत टाइप करताना 'ळ' च्या जागी 'ल' लिहून मोकळी होतात, त्याचे एक कारण हे बटण कुठे आहे ते कोणी दाखवलेले नसते. मध्य प्रदेशात कित्येक सरकारी पदांसाठी लागणाऱ्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टायपिंगला इनस्क्रिप्ट चालते. म्हणजे एकदा शिकले की घरची भाषा आणि नोकरीची परीक्षा, दोन्हीला उपयोगी पडते.

प्रिंटर. यंत्राची किंमत पाहू नये, पानाची पाहावी. शाईच्या किंवा टोनरच्या किमतीला खोक्यावर लिहिलेल्या पानांच्या संख्येने भागा. ही संख्या पानाचा साधारण ५ टक्के भाग छापला असे धरून दिलेली असते, म्हणून फोटो छापल्यास पाने बरीच कमी भरतात. महिन्यातून कधीतरीच छापणाऱ्या घरात शाईचा प्रिंटर सुकून अडतो. तिथे काळा-पांढरा लेझर बरा. रोज रंगीत प्रोजेक्ट छापत असाल तर शाईच्या टाकीचा प्रिंटर परवडतो. वर्षाला पन्नास पानेच लागत असतील तर कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान सगळ्यांत स्वस्त.

पडदा आणि खुर्ची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या उंचीला असावी. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. लॅपटॉपवर तासनतास अभ्यास करणाऱ्या मुलांना बाहेरचा कीबोर्ड द्यावा आणि लॅपटॉप चार पुस्तकांवर उंच ठेवावा. एवढ्याने मान वाचते.

७. जुन्या डिस्कचे काय करावे

काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर केसिंगमध्ये घालून दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येते. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला अडॅप्टर असलेले केसिंग लागते. मात्र आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रामने तिची प्रकृती तपासावी. 'कॉशन' असा पिवळा इशारा आला तर त्या डिस्कवर घराच्या आठवणी सोपवू नयेत.

भंगारात देताना सावध राहावे. फाइल डिलीट केल्याने किंवा झटपट फॉर्मॅट केल्याने हार्ड डिस्कवरची माहिती जात नाही. पूर्ण फॉर्मॅट करावी किंवा डिस्क फोडून टाकावी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशी वस्तू कचरागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

८. विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द

शाळेलाही हाच क्रम लागू पडतो. संगणक कक्षासाठी निधी मागताना नवी यंत्रे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतात. पण कोणत्याही शाळेच्या कार्यालयात प्रवेश नोंदी, निकाल, दाखले आणि पगारपत्रके एका संगणकावर असतात. तो बंद पडला तर वीस वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या विद्यार्थ्याला दाखला कसा द्यायचा? म्हणून माझी विनंती आहे की अंदाजपत्रकात पहिली ओळ दोन डिस्कची असावी. एक शाळेच्या कपाटात आणि एक शाळेबाहेर सुरक्षित जागी, दोन्ही पासवर्डने कुलूपबंद. त्यानंतर कक्षातल्या जुन्या यंत्रांना एसएसडी, आणि नवी यंत्रे त्याच्याही नंतर.

९. खर्चाचा क्रम

१) बाहेरची हार्ड डिस्क, आणि लगेच त्याच दिवशी पहिली प्रत.
२) डेस्कटॉप असेल तर यूपीएस.
३) हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकाला एसएसडी.
४) गरज दिसली तर रॅम.
५) कीबोर्ड, प्रिंटर आणि इतर, कामाप्रमाणे.
६) हे सगळे पाहूनही भागत नसेल तर नवा संगणक.

पालकहो, यातले पहिले काम या रविवारी करता येईल. मुलांना सोबत बसवा. कोणते फोटो जपायचे, कोणते कागद महत्त्वाचे, हे त्यांना दाखवा. आजीला बोलवा, फोटोतल्या माणसांची नावे विचारा आणि फाइलला ती नावे द्या. डिस्कवर 'आयएमजी ००४५' असे लिहिलेला फोटो कितीही प्रती केल्या तरी तीस वर्षांनी कोणाचा आहे ते कळणार नाही.

स्वाध्याय

१) २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये किती जीबी दिसेल?
२) एका एसएसडीचा टीबीडब्ल्यू ८० आहे. रोज १५ जीबी लिहिले तर ती त्या हिशेबाने किती वर्षे पुरेल?
३) ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला अर्ध्या फेऱ्याला किती मिलिसेकंद लागतील?
४) घरच्या संगणकात डिस्क कोणत्या प्रकारची आहे, रॅम किती आहे आणि विंडोज कोणता आहे, हे वहीत लिहून आणा.
५) घरातल्या पाच जुन्या फोटोंना आजी-आजोबांना विचारून नावे, गाव आणि साल द्या. त्यांच्या तीन प्रती कुठे ठेवल्या ते लिहा.

उत्तरे : १) सुमारे २२३ जीबी. २) सुमारे साडेचौदा वर्षे. ३) सुमारे ५.६ मिलिसेकंद. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाची उत्तरे वर्गात दाखवावीत.

आपला,
मुख्याध्यापक